हँडलमधली छोटी पिन

आमच्या जोयड्याकडच्या घरी पडवीत एक लाकडी पेटी आहे. लहानपणी सुट्टीत गेलो की त्या पेटीवर बसून आम्ही भावंडं फणसाचे गरे खायचो, पण ती उघडायची परवानगी कुणालाच नव्हती. आत काकांचं 'मशीन' होतं. हाताने ओढायचं, तारेच्या दोराचं. चिखलात रुतलेली जीप, वाटेवर आडवं पडलेलं झाड, विहिरीत पडलेला पंप, काहीही ओढायचं असलं की आसपासच्या चार वाड्यांतून निरोप यायचा आणि दोघं जण बांबूला अडकवून ते मशीन घेऊन जायचे.

या लेखाचा विषय ते मशीन आहे. मी सॉफ्टवेअरवाला, रोजचा संबंध कीबोर्डशी. पण चार वर्षांपूर्वीच्या जुलैत त्या मशीनवर काकांचा पाय मोडला, आणि तेव्हापासून एक साधा प्रश्न माझ्या मागे लागला : दोरावर किती ताण आला आहे, हे ओढणाऱ्याला कळतं का?

आधी थोडं गावाबद्दल, कारण आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांना दांडेलीचं राफ्टिंग माहीत असतं आणि जोयडा माहीत नसतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा तालुका गोव्याच्या हद्दीला लागून आहे. काळी नदी इथेच, डिग्गीच्या बाजूला उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. तालुक्याचं जुनं नाव सुपा. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं सुपा गाव धरणात गेलं, तिथली बरीच माणसं रामनगरला आली. गणेशगुडीजवळचं ते 101 मीटर उंचीचं धरण 1987 मध्ये पूर्ण झालं. त्याची वीज दूरदूर गेली, पण पावसाळ्यात आमच्या वाडीतला दिवा जो जातो तो कधी कधी तीन-तीन दिवस येत नाही. बाकी जंगल, वाघांसाठी राखलेलं, आणि त्यातून जाणारे तांबड्या मातीचे रस्ते.

ओढणं आणि चढवणं या भागाला नवीन नाही. कॅसलरॉक याच तालुक्यात. तिथून गोव्यात उतरणाऱ्या घाटात 1888 मध्ये रेल्वे सुरू झाली. चढ 37 मीटरला 1 मीटर, त्यामुळे खालून येणाऱ्या गाड्यांना आजही जादा इंजिनं लावावी लागतात. वाडीतल्या माणसाकडे जादा इंजिन नसतं. क्रेन बोलवावी तर ती येणारा रस्ताच झाडाने अडवलेला. म्हणून वीज, डिझेल, बॅटरी यातलं काहीही न मागणारं हातमशीन.

या प्रकाराला बाजारात टिर्फर किंवा ट्रायफर म्हणतात. टिरफोर हे मुळात एका फ्रेंच बनावटीचं व्यापारी नाव, पुढे सगळ्याच तशा मशीनना चिकटलं, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो. यात दोर ड्रमवर गुंडाळला जात नाही. तो मशीनच्या आरपार जातो, आणि आत जबड्यांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी दोर धरून मागे ओढते, तेवढ्यात दुसरी पुढे सरकून नवीन पकड घेते. आपण विहिरीतून घागर ओढताना एक हात, मग दुसरा हात करतो ना, अगदी तसं. त्यामुळे दोर कितीही लांब असला तरी चालतो. दोर जितका ताणला जाईल तितके जबडे घट्ट आवळतात. हँडल सोडलं तरी भार जागच्या जागी राहतो. काकांचं मशीन 1.6 टनाचं, वजन साधारण 18 किलो, दोर बोटभर जाड.

गंमत आणि धोका एकाच ठिकाणी आहे. लांब हँडलमुळे एकटा माणूस दीड टन ओढू शकतो. पण पंधरा माणसं दोर ओढत असतात तेव्हा प्रत्येकाच्या तळहाताला कळतं की आता जड जातंय, आता काहीतरी अडलंय. हँडल हलवणाऱ्याला ते कळतं, पण फारच पुसट. त्याच्या हातात काही किलोंचा फरक पडतो, दोरात शेकडो किलोंचा. ताकद वाढवून देताना मशीनने हाताची जाणीव काढून घेतलेली असते.

हे मशीन करणाऱ्यांनाही माहीत होतं. म्हणून हँडलच्या बुडाशी एक-दोन छोट्या पिना असतात. मुद्दाम कमजोर ठेवलेल्या. भार ठरलेल्या मर्यादेच्या पुरेसा वर गेला की दुसरं काही तुटण्याआधी ती पिन कातरली जाते, हँडल पोकळ फिरायला लागतं आणि ओढणं थांबतं. जबड्यांनी धरलेला भार तसाच राहतो, उलटं हँडल वापरून तो हळूहळू सैल करता येतो. घरातल्या फ्यूजसारखंच हे. आणि फ्यूजचं आपल्याकडे जे होतं तेच या पिनेचंही होतं.

त्या दिवशी झालं असं. शेजारच्या वाडीतला पिकअप खताची बारा पोती घेऊन येत होता. चढावर मागची दोन्ही चाकं आसापर्यंत रुतली. काका, पिकअपचा ड्रायव्हर आणि दोन तरुण मुलं, अशी चौघं. मशीन एका जुन्या खुंटाला बांधलं, दोराचा हूक गाडीला. मुलांनी हँडल मारायला सुरुवात केली. हलेना, म्हणून हँडलवर आणखी एक लोखंडी पाइप चढवला आणि दोघांनी मिळून जोर लावला. एवढ्याने पिन तुटायला हवी होती. ती तुटली नाही, कारण तिथे पिन नव्हतीच. आदल्या पावसाळ्यात पिना संपल्या होत्या आणि काकांनी स्वतः तिथे एक जाड खिळा कापून बसवला होता. "रोज रोज कोण तुटक्या पिना काढत बसणार," असं तेव्हा म्हणाले होते म्हणे.

खिळ्याने दम धरला. दम सोडला तो खुंटाभोवतीच्या फासाने. तारेचा फास यू-क्लिपांनी आवळलेला असतो. त्यातल्या दोन उलट्या बाजूने बसवल्या होत्या. फास सुटला, मशीन आणि दोर एका फटक्यात गाडीच्या दिशेने गेले आणि वाटेत काका उभे होते. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. बेळगावला न्यायला निघाले, तर गाडी हीच रुतलेली आणि रस्ता हाच अडलेला. दुसरी जीप यायला तीन तास लागले. काकी अजूनही त्या तीन तासांबद्दल बोलत नाही.

मी आठवड्याने पोहोचलो. काका खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. मी पहिलं काय केलं असेल, तर वहीत फ्री बॉडी डायग्राम काढला. बीईच्या पहिल्या वर्षाला तो विषय मी जेमतेम सोडवला होता. पिकअप आणि खत मिळून साधारण 2300 किलो. आसापर्यंत रुतलेल्या गाडीला बाहेर काढताना चिखलाचा विरोध तिच्या वजनाइतका धरावा असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे 2300. त्यात चढ, पाच मीटरला एक मीटर, म्हणून आणखी वजनाचा पाचवा भाग, 460. एकूण पावणेतीन टनांच्या वर, आणि मशीन 1.6 टनाचं. काका वहीकडे बघत राहिले. म्हणाले, "हे त्या दिवशी कोण सांगणार होतं रे?"

तोच तर प्रश्न होता. तसं बघितलं तर उत्तर बाजारात तयार मिळतं. दोराच्या वाटेत अडकवायचे भारमापक असतात, काही हातविंचमध्ये ते आतच बसवलेले असतात, काहींमध्ये भार वाढला की घसरणारा क्लच असतो. कारखान्यात असं यंत्र असेल तर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरीज ॲक्टप्रमाणे त्यावर सुरक्षित भाराचा आकडा लिहिलेला असावा लागायचा आणि वर्षातून एकदा तरी जाणकार माणसाकडून त्याची पूर्ण तपासणी व्हावी लागायची. पडवीतल्या पेटीला असा कुठला कायदा लागणार? तिथे तपासणारे काकाच आणि खिळा बसवणारेही काकाच.

मी ठरवलं, आपणच एक मीटर करू. भारमापकाचं तत्त्व सोपं आहे. पोलादाच्या जाड तुकड्यावर अतिशय पातळ धातूच्या जाळ्या चिकटवलेल्या असतात, त्यांना स्ट्रेन गेज म्हणतात. पोलाद ताणलं की डोळ्याला दिसणार नाही इतकं लांबतं, जाळीही लांबते आणि तिचा विद्युत रोध किंचित बदलतो. चार जाळ्या व्हीटस्टन ब्रिजमध्ये जोडल्या की तो बदल मोजता येतो. बारावीच्या फिजिक्समध्ये ज्याचा सगळ्यांनाच कंटाळा येतो, तोच ब्रिज. पूर्ण भाराला मिळतात जेमतेम दहा मिलिव्होल्ट. ते वाढवून आकड्यात बदलायला एचएक्स-711 नावाची चिप, वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असते तशी. मी एस आकाराचा तीन टनी लोडसेल घेतला, त्याच्या दोन्ही टोकांना योग्य क्षमतेचे, आकडा कोरलेले शॅकल लावले. हे महत्त्वाचं, कारण साखळीत आपण आणखी एक कडी घालतोय. तीच कच्ची निघाली तर मापकच अपघात करेल. पहिली चाचणी आंब्याला पाण्याचा 200 लिटरचा पिंप टांगून केली. दोनशे किलोवर जुळणारा आकडा दोन हजारांवर जुळेलच असं नाही, म्हणून पुढे शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये ताणयंत्रावर तो तपासून घेतला.

इथवर सगळं नीट. पुढची चूक माझी, आणि ती सांगायलाच हवी, कारण ती अस्सल सॉफ्टवेअरवाल्याची चूक आहे.

हँडलच्या प्रत्येक फेरीबरोबर दोरातला ताण वर-खाली होतो. त्यामुळे पडद्यावरचा आकडा सारखा नाचायचा. 640, 910, 720, 1050. बघायला वाईट. मी नेहमीच्या सवयीने सरासरी लावली : सेकंदाला दहा नोंदी, शेवटच्या वीस नोंदींची सरासरी. आकडा छान शांत झाला. काकांनाही आवडला. दिवाळीत आम्ही बांधावरचा एक वठलेला ओंडका ओढून बघितला. पडद्यावर जास्तीत जास्त 1100 दिसलं. मी खूश. रात्री सहज कच्च्या नोंदी लॅपटॉपवर उघडल्या. ओंडका एका मुळीला अडकला होता तेव्हा, अर्ध्या सेकंदापुरता, भार 1740 वर गेला होता. मशीनच्या मर्यादेच्या वर. पडद्याला त्याची गंधवार्ता नव्हती. दोन सेकंदांच्या सरासरीत तो अर्धा सेकंद विरघळून गेला होता.

मला त्या रात्री झोप आली नाही. दोर सरासरीने तुटत नाही. काकांनी पिनेच्या जागी खिळा बसवला होता, मी आकड्यांच्या जागी शांत आकडा बसवला. फरक एवढाच, की माझा खिळा दिसायला सुबक होता.

दुसऱ्या दिवसापासून सरासरी काढून टाकली. चिप सेकंदाला 80 नोंदींवर चालवली, आणि पडद्यावर दोनच गोष्टी ठेवल्या : आत्ताचा भार, आणि या ओढीत आलेला सर्वांत मोठा भार, जो बटण दाबेपर्यंत पुसला जात नाही. 1300 ला पिवळा दिवा, 1600 ला लाल दिवा आणि बझर. आधी मी हे सगळं मोबाइलवर दाखवणार होतो. पावसात ओल्या बोटांनी मोबाइल चालत नाही हे मला काकीने सांगितलं, तेही पदराला हात पुसत.

मीटर आल्यावर जे झालं ते मात्र माझ्या अंदाजाबाहेरचं होतं. मला वाटलं होतं, लाल दिवा लागला की माणसं थांबतील, एवढाच उपयोग. प्रत्यक्षात ती फावडं घ्यायला लागली. पुढच्या आषाढात एक जीप रुतली. हँडल मारलं, पिवळा दिवा लागला. काका कुबडी घेऊन बाजूला, लांब उभे. म्हणाले, "थांबा. पुढच्या चाकाखालचं काढा आधी." मुलांनी चाकापुढची माती उकरली, खाली दगड आणि फांद्या टाकल्या. पुन्हा हँडल. आकडा 700. मग सामान उतरवलं, 550. जीप जवळजवळ हाताने बाहेर आली. पूर्वी ही मुलं पाइप शोधायची, आता आकडा कमी कसा करायचा याची त्यांच्यात पैज लागते. एकाने तर गाडीला कप्पी लावून दोर परत खुंटाकडे आणला आणि मशीनवरचा भार निम्मा झालेला सगळ्यांना बोट दाखवून दाखवला. हे मी चार वर्षं कॉलेजात शिकून जे समजलो नव्हतो, ते त्याला एका दुपारी कळलं.

अर्थात मीटरला काय कळत नाही, तेही सांगतो. खुंट आतून कुजलाय का, ते त्याला कळत नाही. दोराच्या तारा तुटल्या आहेत का, कळत नाही. क्लिप उलटी आहे का, कळत नाही. (यू-क्लिपचा यू नेहमी दोराच्या आखूड, मोकळ्या टोकावर आणि खोगीर भार घेणाऱ्या बाजूवर. आमच्या खुंटाला नेमकं याच्या उलट होतं.) आणि कोण कुठे उभं आहे, हे तर नाहीच कळत. ताणलेल्या तारेत साठलेली ऊर्जा तुटल्यावर चाबकासारखी येते, म्हणून दोराच्या रेषेत आणि वळणाच्या आतल्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. दोराच्या मधोमध एक ओलं गोणपाट टाकलं तर फटका बराच मरतो. झाडाला बांधताना तार थेट न गुंडाळता रुंद पट्टा लावायचा, झाडाची साल वाचते आणि पट्टा घसरतही नाही.

हे सगळं फक्त जंगलातल्या माणसांसाठी आहे असं समजू नका. आपल्या मंडळाचा गणपती ट्रकवरून उतरवताना साखळीची कप्पी लावतो, तेव्हा मूर्ती किती किलोची आणि वरची तुळई किती किलोची, हे विचारणारा कुणी असतो का? मांडवाचे दोर, पावसाळी ट्रेकला जाणाऱ्या जीपगाड्या, सोसायटीतली टाकी वर चढवणं, सगळीकडे तोच हँडल मारणारा माणूस आणि तोच न दिसणारा आकडा. हुकाला टांगायचा डिजिटल काटा भाड्यानेही मिळतो. यंदा मी तो आणणार आहे, कार्यकारिणीने नाही म्हटलं तरी.

काकांचा पाय बरा झाला, पण थंडीत लंगडतात. मीटर पेटीत मशीनशेजारी ठेवलेला असतो. त्याची बॅटरी उतरलेली असते, बरेचदा. पण पिना कायम असतात. रामनगरहून एकदम दोन डझन आणल्या आहेत, कंपनीच्या, खिळे नाहीत.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा पलीकडच्या वाडीतला एक जण मशीन मागायला आला. काकांनी पेटी उघडली, दोर उलगडून सबंध बघितला, मग एका कागदात तीन पिना बांधून त्याच्या हातात दिल्या.

"तीन आहेत. तीन परत आण."

"तुटल्या तर, काका?"

"तुटलेल्याच आण. किती तुटल्या ते मला बघायचंय."